नसलेला बुडबुडा

थोरलीच्या घरातून कुणी कधी अर्धपोटी उठलं नव्हतं. ‘पुरे’ हा शब्द तिला ऐकूच यायचा नाही. ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून ती वाढायची आणि वर म्हणायची, “पोट तुझं असलं तरी वाढणारी मी आहे.” पन्नास वर्षं अशी वाढत आलेल्या बाईला कुणी सांगितलं, की तुझ्या नवऱ्याला धाप लागलीय खरी, पण त्याला हवा मोजूनमापून द्यायची, दोनच्या वर जराही नाही, तर तिला ते पटावं कसं?

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे त्याला घड्याळजीच म्हणत, खरं नाव टपालवाल्याला तेवढं माहीत. चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग आणि ओठात सिगारेट. डोळे शेवटपर्यंत शाबूत राहिले, फुप्फुसांची मात्र चाळणी झाली. त्या वर्षी तो तिसऱ्यांदा हॉस्पिटलात पडला. खिडकीजवळची खाट, समोर भिंतीवर घड्याळ. घड्याळ दीड मिनिट पुढे आहे हे त्याचं पहिल्याच दिवशी सगळ्या वॉर्डाला ऐकवून झालं होतं.

डोक्याशी भिंतीतून ऑक्सिजन यायचा. तिथे एक उभी काचेची नळी, नळीत एक बारकी गोळी, बाजूला आकड्यांच्या रेघा. खाली पाण्याची बाटली. हवा त्या पाण्यातून बुडबुडत वर येऊन घड्याळजीच्या नाकात जायची. गोळी दोनच्या रेघेवर.

“दोन?” थोरली पहिल्या दिवशी म्हणाली. “पंधरापर्यंत आकडे आहेत की. एवढ्या मोठ्या माणसाला दोन?”

“ताई, भाऊजींच्या फुप्फुसांना वर्षानुवर्षं कमी हवेची सवय झालीय,” धाकटी म्हणाली. “एकदम जास्त दिलं की आतला वाईट वायू बाहेर पडत नाही, साठत जातो. माणूस गुंगतो, झोपतो.”

“झोपतो ना? मग बरंच की. तीन रात्री टक्क जागा आहे.”

“तशी झोप नाही ती.”

“आता झोपेतही प्रकार आले.”

धाकटी हसली आणि आपल्या कामाला लागली. ती त्याच वॉर्डात सिस्टर होती, बत्तीस वर्षं. अख्खा वॉर्ड तिला सिस्टर म्हणायचा आणि थोरली सगळ्यांदेखत ‘ए धाकटे’ म्हणून हाक मारायची. तो तिचा हक्कच होता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा थोरली अकरा वर्षांची, चौथीत. धाकटी दुपट्यात. शाळा सुटली ती सुटलीच. धाकटीला न्हाऊ घातलं ते थोरलीने, शाळेत घातलं ते थोरलीने, नर्सिंगला पाठवताना बापाशी भांडली तीही थोरलीच. आणि हे सगळं केलं ते केलं, वर दर महिन्या-दोन महिन्यांनी बोलूनही दाखवलं. “माझी पाटी गेली म्हणून तुझी वही आली,” हे तिचं ठरलेलं वाक्य. धाकटी त्यावर कधी काही बोलली नाही. ‘हो ताई’ एवढंच. सत्तावन्न वर्षांची बाई, केस पांढरे, हाताखाली वीस मुली, पण बहिणीपुढे ‘हो ताई’.

त्या दिवसांत धाकटीच्या हातात एक जाड वही असायची. ड्यूटी संपली की खाटेशेजारी स्टूल ओढून ती त्यात लिहीत बसायची. हॉस्पिटलात नव्या सिस्टरांसाठी वर्ग सुरू व्हायचा होता, धमनीतून रक्त कसं काढायचं ह्याचा. नेहमीचं रक्त शिरेतून काढतात, ते कुणीही काढतं. पण फुप्फुसं नीट चालतात की नाही हे बघायला धमनीतलं रक्त लागतं, मनगटाशी जिथे नाडी उडते तिथलं. ती जागा नाजूक. नव्या मुली घाबरत टोचायच्या, चुकायच्या. पेशंटांचे हात काळेनिळे व्हायचे, सँपलं वाया जायची. तो वर्ग मोठ्या डॉक्टरांनी धाकटीला दिला होता. दोन वर्षं ती त्या वहीत भर घालत होती. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, आणि तेवढ्यात हे एक तिला मनासारखं मिळालं होतं.

“आता ह्या वयात कसली गं परीक्षा देतेस?” थोरलीने टोमणा मारला.

“ह्या वेळी मी घेणार आहे ताई.”

“बघ बाई. तुझ्या हाताखालच्या पोरी पास झाल्या म्हणजे मिळवलं.”

खाटेवरून घड्याळजी म्हणाला, “मला टोचायला मात्र मास्तरीणच पाठवा.” बोलताना धापा टाकत होता, पण थट्टा सोडवत नव्हती. आदल्याच दिवशी दोन नव्या मुलींनी त्याच्या मनगटाशी झटापट करून हात टेकले होते. धाकटी म्हणाली, उद्या अकराला मी स्वतः घेते.

तो उद्याचा दिवस थोरलीला पुढे कधीच विसरता आला नाही.

सकाळी घड्याळजीला पुसून काढलं, कपडे बदलले, आणि तेवढ्यानेच त्याचा जीव वर आला. खांदे उडायला लागले, ओठ निळसर. थोरलीने हाक मारली. “आले आजी,” कुणीतरी म्हणालं, पण पलीकडच्या खाटेवर गडबड उडालेली, सगळ्या तिकडे धावलेल्या. थोरली थांबली. पुन्हा हाक मारली. मग उठली, नळीखालची हवा कमीजास्त करायची चकती धरली आणि फिरवली. गोळी दोनवरून चारवर गेली. चारवरून आठवर. बाटलीतलं पाणी खदखदायला लागलं, शिंतोडे पार गळ्यापर्यंत उडाले.

घड्याळजी शांत झाला. ओठांवर रंग आला. पाच-दहा मिनिटांत त्याची मान कलली आणि तो झोपला. घोरायलाही लागला. थोरलीने पांघरूण नीट केलं आणि खुर्चीत टेकली. तिच्या मनात तेव्हा एवढंच होतं, की तीन दिवस सगळे मिळून ह्याला उपाशी ठेवत होते आणि शेवटी वाढलं ते मीच.

वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग पॅसेजमधून धाकटीच्या ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक ऐकू आलं. थोरली झटकन उठली आणि गोळी परत दोनवर आणून ठेवली.

का आणली? धाकटी ओरडली असती म्हणून नाही. धाकटीला ओरडता येतच नव्हतं. पण ती म्हणाली असती, ‘ताई, मी सांगितलं होतं ना.’ आणि हे वाक्य थोरलीने जन्मात धाकटीच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आजवर सांगणारी एकच होती.

धाकटी आली. तिच्याबरोबर एक नवी सिस्टरही होती, बघून शिकायला. धाकटीने आधी गोळीकडे बघितलं. मग बाटलीकडे. बाटलीवर तिची नजर जरा रेंगाळली. मग झोपलेल्या घड्याळजीकडे वळली.

“झोपले भाऊजी?”

“झोपला एकदाचा.”

“ताई, गेल्या अर्ध्या तासात ऑक्सिजनला कुणी हात लावला नाही ना? बदललं असेल तर थांबावं लागतं, निदान अर्धा तास. नाहीतर आकडे खोटे येतात.”

“कोण लावणार हात? मी काय इथे खेळायला बसलेय?”

“तसं नाही. विचारावं लागतं.”

“विचारलंस, मी सांगितलं. पुढचं कर.”

धाकटीने चिठ्ठीवर लिहिलं, ऑक्सिजन दोन लिटर. हात धुतले, हातमोजे चढवले. नव्या सिस्टरला समजावत ती एकेक गोष्ट करत गेली, आणि थोरलीला नको म्हटलं तरी ते बघावंच लागलं. टॉवेलची गुंडाळी घड्याळजीच्या मनगटाखाली ठेवली, पंजा मागे झुकवला. त्याला हलवून जागं केलं, “भाऊजी, मूठ आवळा.” त्याने झोपेतच आवळली. मग मनगटाच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या बोटांनी दाबल्या, मूठ उघडायला लावली. तळवा पांढराफटक. करंगळीकडचा दाब सोडला तसा तळवा पाच मोजायच्या आत लाल झाला.

“हे आधी बघायचं,” धाकटी त्या मुलीला म्हणाली. “आपण अंगठ्याकडच्या धमनीला टोचणार. तिला काही झालं तर दुसरीने हाताला उपाशी ठेवता कामा नये.”

ते थोरलीला आवडलं. चांगलं शिकवते, तिच्या मनात आलं. तोंडावर मात्र ती तसं काही म्हणाली नाही.

सुई तिरकी गेली, एकदाच. रक्त कुणी ओढलं नाही, ते आपल्या पायांनी आलं, नाडीच्या ठेक्यावर, लालभडक. सुई निघताच नव्या सिस्टरने कापसाची जाड घडी दाबून धरली. धाकटीने एका हाताने सुईवरची टोपी खटकन बसवली, सुई काढून कडक डब्यात टाकली. सिरिंज उभी धरली, टिचकी मारली, वर आलेली हवा बाहेर ढकलली, तोंड बंद केलं आणि सिरिंज तळव्यांत घोळवली. मग खिडकीच्या उजेडात धरली.

“बघ ताई. दिसतो एखादा बुडबुडा?”

“मला काय त्यातलं कळतंय?”

“डोळे आहेत ना? बुडबुडा राहिला की बाहेरची हवा रक्तात मिसळते, ऑक्सिजन असतो त्याहून जास्त दिसतो. मग सगळी मेहनत पाण्यात.”

थोरलीने चष्मा चढवला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं लाल. “नाही,” ती म्हणाली.

धाकटीच्या तोंडावर एक समाधान पसरलं, लहानपणी पाढे न चुकता म्हटल्यावर पसरायचं तसं. सिरिंज कुणाच्या हाती न देता ती स्वतः झपाझप मशीनकडे गेली.

पंधरा मिनिटांनी मोठे डॉक्टर आले, हातात कागद, मागे दोन-तीन शिकाऊ डॉक्टर.

“सिस्टर, हे काय आहे? ह्या फुप्फुसांत, दोन लिटरवर, एकशे चाळीस ऑक्सिजन? बुडबुडा राहिलाय तुमच्या सिरिंजमध्ये.”

“नव्हता सर. आणि दुसरा वायूही वाढलाय. बुडबुड्याने तो उतरला असता.”

“मग लिटर चुकीचे लिहिलेत. कुणी ऑक्सिजन वाढवला होता का?”

धाकटी वळली. “ताई?”

आवाजात काही नव्हतं, राग नव्हता, विनवणीही नव्हती. नुसती हाक होती. थोरली खुर्चीत ताठ बसली होती. तेवढ्या शिकलेल्या माणसांच्या घोळक्यात ती एकटी चौथी नापास, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. खरं तर एका वाक्याचं काम. ती म्हणाली, “मी एकदा सांगितलंय. पुन्हा पुन्हा काय विचारता?” आणि पांघरुणाची नसलेली सुरकुती काढायला लागली.

“म्हणजे हलगर्जीपणाच,” डॉक्टर म्हणाले. “ह्या आकड्यांवर विसंबून मी ऑक्सिजन कमी केला असता तर? ज्यांनी मुलींना शिकवायचं त्यांचंच हे असं?” शिकाऊ डॉक्टरांपैकी एकाने जमिनीकडे बघितलं. ती नवी सिस्टरही.

“अर्ध्या तासाने पुन्हा घेते सर,” धाकटी म्हणाली.

तो अर्धा तास ती स्टुलावर बसून राहिली. गोळीवरून तिने नजर काढली नाही आणि थोरलीकडे वळवली नाही. मग दुसऱ्या हाताचं रक्त घेतलं. तोवर घड्याळजी चांगला जागा झाला होता. नव्या सिस्टरने कापूस उचलून बघायला बोट हलवलं तसा म्हणाला, “सव्वातीनच मिनिटं झालीत. पाच म्हणजे पाच. दाब.” मुलगी हसली. धाकटी हसली नाही.

दुसऱ्या सँपलचे आकडे अगदी त्याच्या नेहमीसारखे आले. म्हणजे पहिलं सँपल चुकीचं, हे कागदोपत्री पक्कं झालं.

पुढच्या आठवड्यात वर्ग दुसऱ्या एका सिस्टरला दिला गेला. धाकटीने कुणाकडे तक्रार केली नाही. वही पिशवीत घालून घरी नेली, आणि पुन्हा वॉर्डात ती वही दिसली नाही. बाकी सगळं तसंच. भाऊजींना औषध वेळेवर, ताईला चहा वेळेवर. थोरलीने स्वतःची समजूत घातली. एक वर्ग तो काय, वर्षभरात निवृत्तच व्हायची होती, उलट डोक्याचा ताप वाचला. अशा समजुती दिवसभर घालता येतात. पण कुणी पाण्याची बाटली हलवली तरी ती वळून बघायची.

घरी आल्यावर घड्याळजी एकदा म्हणाला, “तू आठवर नेलीस ती गोळी. साडेदहा वाजून सहा मिनिटांनी. डोळा लागायच्या आधी बघितलं मी.”

“भिंतीवरचं घड्याळ पुढे होतं.”

“दीड मिनिट वजा करूनच सांगतोय.” तो श्वास गोळा करायला थांबला. “धाकटीला सांग.”

“सांगते.”

“सांग. पोरीचं नाव गेलं.”

सांगते म्हणायला थोरलीचं काय जात होतं? आठवड्याने तो पुन्हा म्हणाला, “सांगितलंस?” पंधरा दिवसांनी पुन्हा. गिऱ्हाईकाचं घड्याळ तयार आहे का, असं विचारावं तसं. मग कधीतरी त्याने विचारायचं सोडलं. विचारत होता तोवर थोरली चिडायची. विचारायचा थांबला ते मात्र तिला आत कुठेतरी लागलं. तूच सांग ना, असं तिने त्याला म्हटलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. बायकोचं ओझं तिनेच उतरवावं अशी त्याची रीत.

आठ महिन्यांनी एका दुपारी तो गेला. शेवटी घरातच ऑक्सिजन लावलेला होता, काटा दोनवर. त्याची धाप बघवत नव्हती. थोरली दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, आपलेच हात, पण त्यांचा भरवसा उरला नव्हता. मान कलली तेव्हा धाकटीने नाडी बघितली, बराच वेळ बघितली, आणि घड्याळात बघून वेळ सांगितली. वेळ अगदी बरोबर होती, त्याला ते आवडलं असतं.

धाकटी निवृत्त झाली त्याच सुमारास. मग ती मंगळवारी मंगळवारी ताईकडे यायची. दोघी भाजी निवडत बसायच्या. अशाच एका मंगळवारी थोरलीने हातातली भाजी खाली ठेवली.

“ते तेव्हा. बुडबुड्याचं.” तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “मी वाढवला होता ऑक्सिजन. आठवर. तू यायच्या आधी खाली आणला.”

धाकटी देठ मोडत होती, मोडत राहिली.

“माहीत आहे ताई.”

“त्यांनी सांगितलं?”

“भाऊजी? छे. त्यांनी कधी तुझ्याबद्दल कुणाला काही सांगितलंय? बाटली गळ्यापर्यंत ओली होती. दोनवर पाणी नुसतं खालच्या खाली गुडगुडतं, शिंतोडे उडत नाहीत.”

थोरली तिच्याकडे वळली. “मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“विचारलं ना तुला. दोनदा.”

“डॉक्टरांना सांगायचंस. बाटली दाखवायचीस.”

“काय सांगायचं? की बाटली ओली दिसली, तरी मी थांबले नाही? अर्धा तास थांबायला हवं होतं मी. ते माझं काम होतं.” धाकटीने निवडलेली भाजी टोपलीत सारली. “बाटली एक सांगत होती, तू एक सांगत होतीस. मी तुझं ऐकलं. चूक माझीच झाली ती.”

धाकटी भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात थोरलीला कुणी हरवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने चांगलं लुगडं काढलं, चष्मा पुसला आणि बस धरून हॉस्पिटल गाठलं. धाकटीला विचारलं नाही, ती नको म्हणाली असती. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर दोन तास बसली. आत गेल्यावर डॉक्टर उठून उभे राहिले, खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता.

थोरलीने सगळं सांगितलं. गोळी, आठ, ट्रॉलीचं चाक. काही राखलं नाही.

“कधीची गोष्ट आजी?”

“वर्ष होऊन गेलं.”

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. “सिस्टर आठवतात मला, फार चांगल्या होत्या. पण हे बुडबुड्याचं... खरंच आठवत नाही हो. दिवसात असे पन्नास रिपोर्ट बघतो मी.”

“तुम्ही चारचौघांत बोलला होतात तिला.”

“बोललो असेन.”

“तिचा वर्ग काढून घेतलात.”

“तो का बदलला होता बरं?” ते खरोखरच आठवायला लागले, आणि ते बघताना थोरलीचा धीर सुटला. तिच्या बहिणीचं जे गेलं होतं ते ह्या माणसाच्या डोक्यात संध्याकाळपर्यंतही टिकलं नव्हतं.

“बुडबुडा नव्हता, असं कुठेतरी लिहा,” ती म्हणाली. “एवढ्यासाठी आले.”

डॉक्टरांनी पेन उचललं. मग समोरच्या कागदांकडे बघितलं, आणि मग तिच्याकडे. “कुठे लिहू आजी?”

ते टाळत नव्हते, खरंच विचारत होते. थोरलीने त्या कागदांकडे एकदा बघितलं. ती उठली.

घरी न जाता ती धाकटीकडे गेली. धाकटीने दार उघडलं, तिचं लुगडं बघितलं, तोंड बघितलं, आणि काय ते समजली.

“काय म्हणाले?”

“आठवत नाही म्हणाले.”

धाकटीला हसू आलं. मग ते हसू अर्ध्यातच राहिलं. ती आत जाऊन पाणी घेऊन आली.

पाणी पिऊन थोरली म्हणाली, “ती वही कुठे आहे?”

“असेल कुठेतरी. का?”

“काढ. मला शिकव.”

“तुला?”

“का, मी काय ढ आहे? शाळा सुटली माझी, डोकं नाही सुटलं.”

धाकटीने कपाटाच्या वरच्या फळीवरून वही काढली. धूळ झटकली. आधी थट्टेतच सुरुवात केली, नव्या मुलींशी बोलायचा तो आवाज काढून. पण दोन पानांनंतर तो आवाज खरा झाला. तिने टॉवेलची गुंडाळी केली, थोरलीचं मनगट त्यावर ठेवलं. पेशंटला आधी काय करणार ते सांगायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, ते विचारायचं. “मूठ आवळ.” थोरलीने आवळली. धाकटीची दोन बोटं दोन्ही बाजूंना दाबून बसली, तळवा पांढरा पडला, एक बोट सुटलं, तळवा लाल झाला. “पास,” धाकटी म्हणाली. सुई किती तिरकी. लागलं नाही तर आत शोधत बसायचं नाही, जागा बदलायची. नंतर पाच मिनिटं दाबायचं, मध्येच उचलून बघायचं नाही. तिने थोरलीच्या मनगटावर अंगठा दाबून दाखवला. बोलताना तिचे डोळे भिंतीकडे होते, जशा काही तिथे वीस मुली वह्या उघडून बसल्या होत्या.

थोरलीने अठ्ठावन्न वर्षांत धाकटीला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. तेव्हा तिला कळलं, आपण तिला कधी बोलूच दिलं नव्हतं.

शेवटच्या लिहिलेल्या पानाशी आल्यावर धाकटीने वही मिटायला घेतली. “झालं. पुढे कोरीच आहे.”

“थांब,” थोरलीने मोकळ्या हाताचं बोट पानात घातलं. “हे खाली काय आहे? शाई वेगळी आहे.”

“काही नाही. एक ओळ राहिली होती, नंतर घातली.”

“वाच.”

धाकटी वाचेना. थोरलीने वही आपल्याकडे ओढली, चष्मा नाकावर घट्ट केला आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली. चौथीत वाचायची तशीच, मोठ्याने.

“पे-शं-टचे... ना-ते-वा-ईक... नाही म्हणाले... तरी... बाटली... बघावी.”

वाचून झाल्यावर तिचं बोट मागे गेलं आणि ‘नातेवाईक’ ह्या शब्दावर थांबलं. तिथे ताई लिहिलेलं नव्हतं. ‘माझी बहीण’ही नव्हतं. वीस मुलींना शिकवायला लिहिलेल्या वहीत ती नुसती पेशंटची नातेवाईक होती, खोटं बोलू शकणारी.

“बरोबर लिहिलंयस,” ती शेवटी म्हणाली.

धाकटीचा अंगठा अजून थोरलीच्या मनगटावरच होता. तिथे काही टोचलेलं नव्हतं, रक्त येण्यासारखं काही नव्हतं. तरी थोरलीने हात ओढून घेतला नाही, आणि धाकटीनेही दाब सोडला नाही. भिंतीवर घड्याळजीने दुरुस्त करून दिलेलं घड्याळ चालत होतं. पाच मिनिटं व्हायची होती.